मिठाची खिडकी

नवतपा लागला की नागपुरात आमच्या महाल भागातल्या गल्लीत कोणी कुणाची तब्येत विचारत नाही, कूलर विचारतात. "मावशी, कूलर बरोबर चालून राहिला ना?" समोरची पानठेल्यावरची बाई असो की सिलिंडर आणणारा असो, सगळ्यांचं हेच. मे महिना सरता सरता येणारे हे नऊ दिवस. कोकणात, माझ्या माहेरी, या दिवसांना वेगळं नाव नव्हतं. तिथे माणसं या सुमाराला आभाळाकडे बघत असायची. इथे आभाळाकडे कोणी बघत नाही. बघवतच नाही.

काल संध्याकाळी माझी सून सुजाता प्रयोगशाळेतून आली ती हातात एक लाकडी पेटी घेऊन. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडायच्या आधी तिने पेटी टेबलावर ठेवली. म्हणाली, "आई, जुनी मशीन जाऊन राहिली. नव्या मशीनमधी हिऱ्याचा खडा हाय. थेंब ठेवा, पुसून टाका, झालं. मिठाचं काम संपलं."

पेटीत काय आहे ते मला उघडून बघायची गरज नव्हती. मखमलीच्या खाचांत बसवलेल्या मिठाच्या चकत्या. रुपयाहून थोड्या मोठ्या, काचेसारख्या आरपार. कालपासून पेटी टेबलावर आहे आणि मी तिच्या आजूबाजूने वावरते आहे. फडकं घेतलं तरी तेवढी जागा सोडून पुसते. शिंतोडा उडेल या भीतीने कूलरचं तोंडसुद्धा भिंतीकडे वळवलं. तसा माझा स्वभावच धास्तीचा. मुलगा महेश बोटीवर असतो, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. सून दिवसभर उन्हात आणि तेलात. धास्ती घ्यायला घरात तिसरं माणूस नाही, मग ती सगळी माझ्याच वाट्याला येते.

मिठाशी माझं नातं जुनं. खाडीकाठचं आमचं गाव, आणि निम्मं गाव मिठागरावर. मी पाचवीत असताना वडील गेले आणि आईच्या मागून डोक्यावर टोपली घेऊन मी बांधावर उभी राहिले. शाळा सुटली ती सुटलीच. मिठाचा हंगाम म्हणजे उन्हाळा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं आणि मग उन्हावर सोडून द्यायचं. दुपार चढली की पाण्यावर पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. तो बुडतो आणि तळाशी दाणे दिसू लागतात. टाचांच्या भेगांत ते पाणी गेलं की जी आग होते, ती अजून पायांना आठवते. आई हजेरीला अंगठा द्यायची. शाई पुसायला तो अंगठा मिठाच्या ढिगात घासायची. मला सही येत होती, याचं तिला फार कौतुक. चारचौघींत म्हणायची, "माझी बाय नाव लिवते."

ती नाव लिहिणारी बाय म्हातारपणी नागपुरात येईल, असं कोणाच्या स्वप्नात नव्हतं. महेशचे वडील गेले, मिठागरंही एकेक करून बंद पडली, आणि महेशने सांगितलं, आता एकटी राहायचं नाही. सुजाताची नोकरी नागपुरात, म्हणून आमचं घर नागपुरात. लग्न झालं तेव्हा माझा सख्खा भाऊ आला नव्हता. मुलगी कुठल्या समाजाची, हे त्याला कळलं होतं. मलाही तेव्हा घास उतरत नव्हता, तो मुलीच्या समाजापायी नाही, भाऊ तुटला म्हणून. आणि एवढी शिकलेली सून, तिच्या घरात पाचवीत शाळा सुटलेली बाई काय करणार, ही दुसरी काळजी.

स्टेशनवर मला घ्यायला सुजाताच आली होती. तिने माझी पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "आई, तुमाले भूक लागली असन." मी म्हटलं, नाही गो. ती हसली. "तुमी 'गो' म्हणता, आमी 'वं' म्हणतो. चालते."

पहिल्याच उन्हाळ्यात मी फसले. फळीवर ताप मोजायचं थर्मामीटर ठेवलेलं होतं. सहज हातात घेतलं तर पारा वरपर्यंत चढलेला. घरात ताप कोणाला नाही. मी घाबरून तिला दाखवलं, "हे बिघडलं." ती म्हणाली, "बिघडलं नाई आई. त्याले खोलीचा ताप लागला." नागपुरात मे महिन्यात ताप बघायचा तर थर्मामीटर आधी माठाच्या पाण्यात बुडवावं लागतं. जिथे खोलीच माणसापेक्षा तापलेली, तिथे मोजायची सगळी साधनं आधी थंड करून घ्यावी लागतात, हे मी त्या दिवशी शिकले. त्याच गोष्टीवर पुढे माझ्या सुनेची सगळी वर्षं अडकणार होती, ते मात्र माहीत नव्हतं.

सुजाता काम करते ते तेलांवर. खायच्या नाही, यंत्राच्या. फिरणारं लोखंड आणि त्याला धरून ठेवणारं लोखंड एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये तेलाचा एक पदर असतो. तिचे वडील खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, मोठ्या चक्राच्या हॉलमध्ये. ती शाळेत असताना ते तिला म्हणायचे, "बेअरिंग दिसत नाही, तेल त्याहून दिसत नाही. दिसते ते लाइट. न दिसणाऱ्याकडं ध्यान देत जा, बेटा." बाकी लोकांच्या मुली बाहुल्या मागत, हिने न दिसणारी गोष्ट धरली.

तेलाची पारख म्हणजे ते उन्हात किती पातळ होतं, ही. थंडीत दाट आणि तापल्यावर पाणी, असलं तेल काय कामाचं. म्हणून तेलाची धार दोनदा बघतात, एकदा चाळीस अंशांवर, एकदा शंभरावर. दोन्हींतला फरक जितका कमी तितकं तेल चांगलं. काचेच्या बारीक नळीतून ते या खुणेपासून त्या खुणेपर्यंत उतरतं आणि माणसाने नुसतं बघत बसायचं. तिचं दुसरं काम द्रावणांचं. तेलात काही मिसळलं की आत कोण कोणाला धरून बसतं, हे उजेड सोडून पाहायचं. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही. चुलीसमोर तळहात धरला की लागतो, त्या जातीचा. आणि गंमत अशी की काच त्याला अडवते. मीठ जाऊ देतं. म्हणून थेंब ठेवायला मिठाच्या खिडक्या.

हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी पदर तोंडाला लावून हसले होते. आमच्या डोक्यावरून टोपल्या टोपल्या वाहिलेलं मीठ, आणि त्याची खिडकी! त्यातून कोण बघतं म्हणे? तर माझी सून.

एक उन्हाळा मात्र वेगळा होता; आता तो मागे पडला. तरी मे लागला की तो परत येतो आणि दारात बसून राहतो.

सुजाता तेव्हा करारावर होती. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी जीव टांगणीला. जवसाच्या तेलापासून तिने यंत्राचं एक तेल तयार केलं होतं. त्याचे आकडे फार चांगले आले होते, ते छापूनही आले होते. बुटीबोरीकडच्या एका लहानशा कारखान्याने तेल वापरून बघायची तयारी दाखवली होती. जूनच्या सुरुवातीला कायमच्या जागेची मुलाखत होती आणि विभागातले सगळे म्हणत, मॅडम, तुमचंच नाव. त्याच तेलावर सगळं उभं होतं. मी देवाला नारळ बोलून ठेवला होता. सुजाता देव मानत नाही, म्हणून तिला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी ती लवकर घरी आली. जेवली नाही. कूलरसमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, ऊन लागलं. कांदा फोडून तळपायाला लावायला गेले तर पाय मागे घेतला.

"आई, दिवा लागला नाही."

"कसला दिवा गो?"

मग तिने सांगितलं. नळी ज्या पाण्यात बुडवतात त्या टाकीला आकडा लावून ठेवायचा असतो. चाळीस लावला की आतली सळई पाणी तापवते आणि लाल दिवा लागतो. चाळीस झाले की दिवा विझतो. जगात सगळीकडे दिवा विझला म्हणजे पाणी तयार. त्या दिवशी तिने बटण दाबलं तर दिवा मुळात लागलाच नाही. नवीन थर्मामीटर पाण्यात घातलं तर पाणी चव्वेचाळीसवर. खोलीनेच तापवलेलं. सळईला काही कामच उरलं नव्हतं.

"मंग मले गेल्या वर्षीचा मे आठवला," ती म्हणाली. गेल्या मेमध्ये तिचे वडील दवाखान्यात होते, शेवटचे दिवस. ती खापरखेडा, दवाखाना आणि प्रयोगशाळा असं करत होती. टाकीतलं थर्मामीटर फुटलेलं, नवं आलेलं नव्हतं. ती धावतपळत यायची, दिवा विझलेला दिसायचा, आणि ती तेल सोडायची. चाळीस म्हणून. ते चाळीस नव्हते. तेल आधीच जास्त तापलेलं, जास्त पातळ. म्हणून शंभरावरची धार आणि ही धार यांतला फरक कमी दिसला. म्हणून तेल इतकं गुणी वाटलं.

मला सगळं कळलं असं नाही. पण एवढं कळलं की चांगले आकडे तेलाचे नव्हते, नागपूरच्या उन्हाचे होते.

"चार अंशांनी असं काय होतं गो?" मी विचारलं.

"तापात चार अंश वाढले तं माणूस जाते, आई."

दुसऱ्या दिवशी तिने विभागप्रमुखांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. दार लोटून घेऊन म्हणाले, "मॅडम, नका सांगू असं मी म्हणून नाही राहिलो. जुलैमध्ये सांगा. मुलाखत होऊ द्या. एक महिन्यानं कोणाचं काय बिघडते?" ती घरी येऊन मला हे जसंच्या तसं म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मलाही जुलैच बरा वाटला. का वाटू नये? कोणी चोरी करा म्हणत नव्हतं. फक्त थोडं थांबा म्हणत होतं. मी म्हटलं, "सर म्हणतात त्यात तथ्य आहे, बाय."

तिने उठून माठातून पाणी घेतलं. मग म्हणाली, "आज सांगतलं तं ते दुरुस्ती हाय. मुलाखत झाल्यावर सांगतलं तं ते दुरुस्ती नाई राहत आई, ते चोरी होते. जागा माह्या खिशात अन् माफी टेबलावर."

त्या रविवारी तिची आई खापरखेड्याहून आली होती. आम्ही दोघी विहिणी मुगाच्या वड्या घालत गच्चीवर बसलो होतो, सकाळच्या सावलीत. मी गाऱ्हाणं सांगितल्यासारखं सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पीठ झटकलं. "तिचा आजाच तसा होता जी. दीक्षा घेतली तवापासून खोटं बोलाची सोयच नाई राहिली आमच्या घरी. लोकाच्या लग्नात जेवायले गेला का सारे म्हणत, वा, काय सैपाक हाय! हा म्हणे, वरणात मीठ जास्त झालं. मंडप सोडाची पाळी येत जाय आमच्यावर." मी हसले. त्याही हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "पण पोरीची जागा जाऊ नये जी. लय वर्सं झाली तिले."

सुजाताने ठरवलं होतं की नुसतं चुकलं म्हणून चालणार नाही, बरोबर काय ते द्यायचं. म्हणजे तेल पुन्हा मोजायचं. त्याच उन्हात, खऱ्या चाळीसवर. तेल तापवायचं नाही, थंड करायचं. सुट्ट्या लागलेल्या, इमारत रिकामी, मदतीचे लोक गावी गेलेले. मी म्हटलं, मी येते. ती म्हणाली, काहून? मी म्हटलं, तू उन्हात पडलीस तर महेशला काय सांगू? खरं कारण हेच होतं. विज्ञानाशी माझा संबंध नव्हता. मला पडलेल्या माणसाची भीती.

मग आमची रोजची वाट ठरली. भल्या सकाळी ऑटो, वाटेत बर्फाचं दुकान. पोत्यात गुंडाळलेली लादी फोडून घेताना दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं, "काहून वं मावशी, लगन हाय का घरी? येवढा बर्फ?"

"नाही रे बाबा. तेल थंड करायचंय."

"तेल?" त्याने सुजाताकडे पाहिलं. "ताई, मावशीले घरी न्या. ऊन लागून राहिलं त्यायले."

सुजाता म्हणाली, "मलेच लागलं हाय भाऊ. तुमी बर्फ द्या."

पुढे पुढे तो आम्हाला बघितल्यावर लांबूनच ओरडायचा, "आली तेलवाली मावशी! मोठी लादी काढ!" आणि वर एक तुकडा तसाच द्यायचा, "हे तुमच्या डोक्यावर ठेवा," म्हणून. मी तो रुमालात गुंडाळून खरंच डोक्यावर ठेवायची.

प्रयोगशाळा सदर भागाच्या पलीकडे, वरच्या मजल्यावर. सकाळी थोडा वेळ बरं असायचं. ऊन चढलं की गच्चीचा ताप खाली उतरायचा. मी माझ्या घरचे स्टीलचे डबे नेले होते, पापडांचे. त्यात बर्फ भरून, झाकण घट्ट लावून, ते डबे ती टाकीत सोडायची. पाणी हळूहळू खाली यायचं. एक्केचाळीस. साडेचाळीस. आम्ही दोघी त्या दिव्याकडे डोळे लावून उभ्या. पाणी चाळीसच्या खाली गेलं की सळईला पुन्हा काम मिळायचं, आणि तो लाल दिवा लागायचा. "आई, लागला दिवा!" तिचा आवाज असा यायचा की घरात कोणी जन्मलं. मी हात जोडायची. ती म्हणायची, "त्याले काय नमस्कार करता?" मी म्हणायची, मला जो दिवा लागलेला दिसतो त्याला मी करते.

मग ती तेल सोडायची. सोनेरी, जाड, घाई नसलेलं. वरच्या खुणेवरून खालच्या खुणेकडे. मी श्वास धरून बसायची. आतून मला वाटायचं, अरे देवा, आकडे तेच येऊ देत. मागचेच. चूक खोटी ठरू दे. तेल माझं ऐकत नव्हतं. ते आपल्या चालीने उतरायचं. दर वेळी मागच्या वर्षीपेक्षा सावकाश, दर वेळी सारखंच. सुजाता आकडा लिहायची आणि पुढची नळी घ्यायची. तिच्या चेहऱ्यावर काही नसायचं. मिठागरावर वारा फिरला आणि तयार वाफ्यात पाणी शिरलं की आई जशी बघायची, तसं.

दुपारनंतर आम्ही शेजारच्या लहान खोलीत जायचो. ती मिठाची खोली. तिथे कूलर लावायचा नाही, हा तिचा नियम. कूलर म्हणजे ओल, आणि ओल लागली की मिठाची खिडकी आंधळी होते. अख्खं नागपूर कूलरपुढे पडलेलं असताना माझी सून त्या भट्टीत बसायची, का, तर मिठाला घाम येऊ नये. मिठाच्या वाट्याचा घाम तीच गाळायची. चकत्या एका काचेच्या भांड्यात ठेवलेल्या, तळाशी निळे दाणे. दाणे गुलाबी झाले की समजायचं, ओल शिरली. हातमोजे घालून, कडेने धरून ती चकती उचलायची. थेंब ठेवायची, वर दुसरी चकती. मी दारात बसून पन्हं ढवळायची, आणि मलाही दम होता की पेला खोलीच्या आत आणायचा नाही.

"पावसाळ्यात काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"पावसाळ्यात रडते," ती म्हणाली. "चकती रडते आई, मी नाई."

त्याच खोलीत बसून तिने पत्रं लिहिली. जिथे छापून आलं होतं त्यांना एक, कारखान्याला एक. मुलाखतीच्या आधी. मला मराठीत वाचून दाखवलं. त्यात वडिलांचा दवाखाना नव्हता. फुटलेलं थर्मामीटर होतं, दिवा होता, आणि 'माझी चूक' असं होतं. मी म्हटलं, बाबांचं लिही ना, लोकांना कळेल तरी. ती म्हणाली, "बाबाले मधात नाई आणायचं. त्यायनं काय केलं?"

मुलाखत झाली. त्या दिवशीही ती परत येऊन मिठाच्या खोलीतच बसली, काम राहिलं होतं म्हणून. मी दारात. संध्याकाळच्या सुमाराला विभागप्रमुख जिना चढून आले. मला बघून थबकले, नमस्कार केला. मग आत न जाता चौकटीला हात लावून म्हणाले, "झालं नाही, मॅडम. त्यांनी पत्राचा विषय काढला होता." चौकटीवरचा हात काढून म्हणाले, "मी बोललो. पण झालं नाही."

सुजाता म्हणाली, "हाव सर. ठीक आहे." एवढंच. ते खाली गेले. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर बराच वेळ येत होता.

मी आत बघितलं. तिने एका हाताचा हातमोजा काढलेला होता, कपाळ पुसायला. त्याच उघड्या, घामेजल्या हाताने तिने चकती उचलली होती. कडेने नाही. अंगठा बरोबर मधोमध. आपण काय केलं ते तिला कळलं तेव्हा उशीर झाला होता. तिने अंगठा काढला. अंगठा तिथेच राहिला. एकेक रेघ, एकेक वळण, मिठात खोल उतरलेलं.

"गेली ही," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिच्या हातून चकती कधी बिघडली नव्हती. त्या दिवशी मी नियम मोडला. पेला घेऊन आत गेले. तीही रागावली नाही. पन्हं प्यायली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले, आणि माझ्या मनात मिठागरावरची आई आली, शाईचा अंगठा मिठात घासणारी. तिचा पुसला जायचा. हिचा राहिला.

पुढचं सांगण्यासारखं थोडंच आहे. त्या जागेवर दुसरं कोणी आलं. कारखान्याने पुन्हा विचारलं नाही, आणि ते तेल कुठल्याच यंत्रात गेलं नाही. सुजाता आणखी कितीतरी वर्षं करारावर राहिली. नंतर कायम झाली, पण त्या वयात माणूस पेढे वाटत नाही, नुसता श्वास सोडतो. तेलं हळूहळू मागे पडली आणि ती द्रावणांतच रमली, मिठाच्या खिडकीशी. महेश बोटीवरून फोन करायचा, "आई, सुजू ठीक आहे ना?" मी म्हणायची, ठीक आहे. ती खरंच ठीक होती. झोप माझी जायची.

मी कधी कधी विचार करते, जुलैमध्ये सांगितलं असतं तर? जागा मिळाली असती. तेल तसंही बाद झालं असतं. एका महिन्याचा फरक. आकडे कळत नसलेल्या माझ्यासारखीला तो महिना अजून छोटा वाटतो. पण मग मला तिचं ते तेल आठवतं, माझ्या नवसाला न जुमानता आपल्या चालीने उतरणारं. आणि हेही आठवतं की या घरात मी किती निश्चिंत जेवते. माझा भाऊ पुढे आजारी पडला तेव्हा त्याला बघायला सुजाताच मला घेऊन गेली. त्याने विचारलं, हिला राग नाही आला माझा? ती म्हणाली, "आला होता मामा. आता नाई." तो खूप वेळ तिचा हात धरून होता. खोटं बोलली असती तर त्याने हात धरला नसता, असं मला वाटतं. ती जे बोलते त्याच्यावर पाय ठेवून उभं राहता येतं. दूरच्या गावात, परक्या बोलीत, कमी शिकलेल्या बाईला आणखी काय हवं असतं?

आज दुपारी ती घरी होती. मी ओट्याशी कैरीचा गर काढत होते. तिने पेटी उघडली, एकेक चकती उजेडापुढे धरून बघितली. बहुतेक अजून निर्मळ. मग एक वेगळी काढली, कागदात गुंडाळलेली. पॉलिश करून ती पुन्हा चालवता आली असती, हे मला माहीत आहे. तिने केली नव्हती. मशीन जाईपर्यंत ती भांड्यात, निळ्या दाण्यांवर, कोरडी राहिलेली होती.

"हे फेकून देऊ ना, आई? बाकीच्या चकत्या पोरायले दाखवायले होतील. हे कायले ठेवायची?"

"मला दे."

"पावसाळ्यात पाणी होईल तिचं. तुमाले तं माहीत हाय."

"तांदूळ भाजून डब्यात घालीन. आई हिंग तसाच ठेवायची."

"काहून पण? खराब झालेली हाय ते."

ती चकती हातात घेऊन उभी होती. बिघडलेली, कामातून गेलेली, मशीनच उरलं नाही अशी चकती, आणि तरी तिने ती कडेनेच धरली होती. दोन बोटांत, अलगद. खिडकीतलं ऊन तिच्यातून आरपार येऊन तिच्या कुडत्यावर पडलं होतं, मधोमध अंगठ्याएवढी धूसर सावली.

माझे हात कैरीने ओले होते. मी पदर पुढे केला आणि म्हटलं, "इथे ठेव."